आधी मोठी माणसं, मग लेकरं

वैनी,

काल पुनव झाली. माझ्या दोन्ही तळहातांना फोड आलेत, पेन नीट धरता येत नाही आणि अक्षर पार बिघडलंय. शाळेत असतो तर असल्या अक्षराच्या पोराचा मीच कान पिळला असता. तुम्हाला मातीत ठेवून आलो त्याला अजून आठवडाही उलटला नाही, आणि तुम्ही जाता जाता माझे हात सोलून ठेवलेत.

तुम्हाला अक्षरओळख नव्हती. विहाराच्या फळ्यावर मी जे सुविचार लिहायचो ते तुम्ही लेकीकडून, संगीताकडून, वाचून घ्यायचात, आणि मग चुलीपुढून मला विचारायचात, "भावजी, ह्ये तुमी खरंच मानताव, का नुसतंच लिहायलाव?" म्हणजे हा कागदही तिलाच वाचायला सांगितला असतात आणि मधेच थांबवून म्हणाला असतात, "हितं खोटं हाय." आता थांबवणारं कुणी नाही. हवं ते लिहावं, कुणी विचारणार नाही. पण मास्तर माणसाला समोर कुणी नसलं की बोलता येत नाही. म्हणून तुम्ही समोर आहात असं धरून चाललोय.

आपलं भांडण कधी सुरू झालं ते आठवतंय ना? गाव हैदराबादेतून म्हैसूर राज्यात गेलं त्या सुमाराला. आपल्या गल्लीनं दीक्षा घेतली, टोपल्या भरून देव मांजरा नदीत सोडले, आणि संध्याकाळी सगळी माणसं गोळा झाली. काय काय सोडायचं ते मी उभा राहून सांगत होतो, कारण मॅट्रिक झालेला मीच एकटा. मेलेलं ढोर ओढायचं नाही. नवस नाही, कोंबडं नाही, अंगात येणं नाही. माना डोलत होत्या. मग मी म्हणालो, पंचमी नाही. तेव्हा बायकांच्या मागच्या रांगेतून, तोंडावर पदर ओढलेल्या नव्या नवरीचा आवाज आला.

"भावजी, नागोबा सोडला, बरं झालं. पर झोका कुणाचा देव हाय?"

सगळे हसले. अण्णा, माझा थोरला भाऊ आणि तुमचा नवरा, तोसुद्धा खाली मान घालून हसला. मी म्हणालो, सण सोडायचा म्हणजे सगळा सोडायचा, अर्धा नाही. सभेत हे वाक्य छान वाजलं. मला वाटलं, विषय संपला. तुम्ही तो पुढं तीस-एक वर्षं ओढलात.

तुम्ही असं का विचारलंत ते मला अण्णानं नंतर सांगितलं. दीक्षेच्या आधीची ती गोष्ट. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला तुमचे वडील आजारी, म्हणून माहेरून न्यायला कुणी आलं नाही. गावातल्या बाया नव्या लुगड्यांत पाटलाच्या वाड्यापुढच्या कडुलिंबाच्या झोक्याकडं निघाल्या, तशा तुम्हीही मागं मागं गेलात. लांब, नालीच्या कडेला उभ्या राहिलात. बसायचं नव्हतंच, नुसतं बघायचं होतं. झोक्यावरची एक बाई वरून ओरडली, "लांब व्हय की गं, दोरावर सावली पडायलीय." तुम्ही घरी आलात. कुणी मारलं नाही, कुणी शिवी दिली नाही. अण्णा म्हणाला, त्या दिवशी तिनं लाह्यांना हात लावला नाही, एवढंच.

हे कळल्यावर माझी बाजू आणखी पक्की झाली. मी तुम्हाला एकदा स्पष्टच विचारलं, "ज्या झोक्यावरून हाकललं, तोच झोका तुम्हाला पाहिजे? विसरलात इतक्यात?" तुम्ही भाकरी थापत होता. हात न थांबवता म्हणालात, "हाकललं म्हणून न्हाई मागत भावजी. मला झोका आवडतोय म्हणून मागायलेय."

आवडतंय, हे कारण त्या काळी मला कारणच वाटत नव्हतं. आम्हाला शिकायचं होतं, नोकऱ्या धरायच्या होत्या, ताठ मानेनं कचेरीत जायचं होतं. खेळायला कुणाला वेळ होता? खेळ हा भरल्या पोटाच्या लोकांचा उद्योग, आणि थोराड माणसानं खेळणं म्हणजे तर थेरं, असं माझं मत. ते अजून पुरतं बदललंय असं समजू नका. पण तुमच्याशी बोलताना ते कधी सरळ उभं राहिलं नाही, हेही तितकंच खरं. येळवसला, त्या शेतपूजेच्या अवसेला, सगळ्यांच्या आधी मी शेतात हजर असायचो. पूजा करायचो नाही, पण आंबिलीचा तांब्या काही सोडायचो नाही. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "आंबील प्यायला गुर्जी म्होरं, अन झोका म्हणलं की धरम आडवा." मी मिशीला लागलेली आंबील पुसली.

मग ती वैशाखी पुनव. सकाळी वंदना झाली, दुपारी खीर झाली, मी बुद्धाच्या शांतीवर घसा बसेपर्यंत बोललो. ऊन कललं आणि बघतो तर समोर एक बाई नाही. गावाबाहेरच्या टेकाडावर चिंच आहे, तिच्या आडव्या फांदीला अण्णा चऱ्हाट बांधत होता आणि खाली तुम्ही पदर खोचून उभ्या. मला आलेलं बघून अण्णा फांदीवरच बसून राहिला, खाली उतरेना.

मी म्हणालो, "आज? बुद्धाच्या दिवशी?"

"मग कुणाच्या दिवशी? पंचमीला तुमीच न्हाई म्हणलाव."

"पण ह्याचा न् बुद्धाचा काय संबंध?"

"खिरीचा हाय म्हणताव न्हवं? खीर चालतीय बुद्धाला, झोका कामून चालंना?"

मी परत फिरणार होतो. पण तेवढ्यात लेकरांचा लोंढा आला आणि झोक्यावर तुटून पडला, आणि तुम्ही दोन्ही हात पसरून त्यांना अडवलंत. तुमचा तो आवाज अजून कानात आहे. "सरका. तुमी वरीसभर खेळायलाव. आज आमचा नंबर. आधी मोठी मानसं, मग लेकरं."

असा नियम मी तरी कुठं ऐकला नव्हता. सगळ्या जगात लेकरं खेळतात आणि मोठी माणसं कडेला उभी राहून कौतुक करतात. तुम्ही ते उलटं केलंत. लेकरं रडायला लागली, आणि गल्लीतली सगळ्यात म्हातारी बाई म्हणून कोंडाबाईला तुम्ही धरून आणलंत. बसवकल्याणच्या सडकेवर खडी फोडून फोडून जिच्या बोटांची गाठोडी झाली होती, ती कोंडाबाई. ती दोराला हात लावायला तयार नव्हती. "मला ग काय करायचंय, मरायला टेकले." तुम्ही तुमची वाकळ चार पदरी घडी घालून दोरावर ठेवलीत, तिला बसवलंत, मागून रेटा दिलात. तिचे पाय भुईला घासत राहिले. तुम्ही म्हणालात, "कोंडाबाई, भुई काय पळून जायलीय का? उचला पाय."

तिनं पाय उचलले. पुढं काय झालं ते मी मान वळवून बघत होतो. म्हातारी दोनदा किंचाळली, मग तिच्या बोळक्यातून असं हसू आलं की रडणारी लेकरंसुद्धा थांबली. उतरवायला गेलात तर ती म्हणाली, "अजून येक दे ग." तेव्हापासून आपल्या गल्लीत कुणाला काही जास्तीचं हवं असलं, चहा म्हणा, भाकरी म्हणा, की माणूस कोंडाबाईच्या आवाजात म्हणतो, अजून येक दे ग. कोंडाबाई जाऊन जमाना झाला, पण ते राहिलं.

दर वैशाखी पुनवेला मग हे ठरूनच गेलं. माझं भाषण आणि तुमचा झोका. माझ्या भाषणाला बाया चुळबुळ करायला लागल्या की समजायचं, ऊन कललं. आमची मंडळीसुद्धा त्या रांगेत. पहिल्या वर्षी झोक्यावरून तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान फिरवली, पण उतरली नाही. कोंडाबाई गेल्यावर गल्लीत पहिला मान गुरुजी म्हणून माझा. म्हणून तुम्ही दर साली पहिली हाक मला मारायचात, "भावजी, या. पयला नंबर तुमचा." मी हात झटकायचो. मग तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचात, "बरं, मग भावजींचा नंबर बी माझाच," आणि दोन पाळ्या घ्यायचात. एक तुमची, एक माझी. माझ्या पाळीला जरा उंचच जायचात.

आपलं दुसरं भांडण झाडाचं. विहारासमोर चांगला वड आहे, सावली आहे, पाणी जवळ आहे. म्हाताऱ्या बायांनी टेकाड चढायचं कशाला? शिवाय चिंचेखाली भूत असतं अशी लोकांची समजूत, ती मोडायला मला दर साली एक वेगळं भाषण लागायचं. मी म्हणायचो, वडाला बांधा. तुम्ही म्हणायचात, चिंचच.

"कामून पण?"

"फांदी चांगली हाय."

"वडाला फांद्या नाहीत?"

"तुमी येकदा बसा, मग सांगते."

ही लाच आहे, असं मी म्हणायचो. तुम्ही हसायचात. मी बसलो नाही, तुम्ही सांगितलं नाही.

अण्णा गेला त्या वर्षी मला वाटलं होतं, आता थांबेल. पुनवेला तुम्ही कपाळ मोकळं, पांढरं लुगडं, आणि चऱ्हाट खांद्यावर टाकून टेकाड चढायला लागलात. दोन-चार बाया कुजबुजल्या. तुम्ही माझ्याकडं वळून विचारलंत, "भावजी, आपल्यात रांडव-सवाशीण आसतंय का?" मी म्हणालो, नसतं. मीच तर ते शिकवलं होतं. तुम्ही झोक्यावर बसलात. त्या दिवशी तुम्ही हसला नाहीत, तोंड घट्ट मिटून नुसत्या जात-येत राहिलात, खूप वेळ. कुणी 'बास का' विचारलं नाही. उतरल्यावर मला म्हणालात, "घरात समदं माझ्याच हातात हाय बगा. चूल, शेत, लेक, तिचं लगीन. हितं कायच हातात न्हाई. दुसऱ्यानं ढकलायचं, आपून जायाचं. लई बरं वाटलं." मला ते तेव्हा चमत्कारिक वाटलं. माणसाला हातात काही नसण्याचं भय वाटतं, आणि ही बाई त्यासाठी टेकाड चढते.

यंदा तुमच्या हातात खरंच काही राहिलं नाही. अर्धं अंग गेलं, वाचा गेली. दवाखान्यात मी उशाशी बसून असायचो. आयुष्यभर माझ्या तोंडाला लागलेल्या बाईच्या तोंडात चमच्यानं पाणी घालायचं आणि ते ओठांच्या कडेनं ओघळताना बघायचं, याच्यापलीकडं मला काही करता येत नव्हतं. एवढा शिकलो, चार भाषा बोलतो, डॉक्टरला कन्नडमधून विचारलं, उर्दूतून विचारलं. तो दोन्हींत एकच सांगायचा. तुमचा डावा पाय तेवढा चादरीखाली पुढं-मागं हलायचा. दुखत असेल म्हणून मी तो दाबून धरायचो. डॉक्टर म्हणाला, शिरा ओढतात. मी मान हलवली. आता वाटतं, उगाच दाबला. पण तेव्हा कुणी मला सांगणार होतं? तुम्हालाच काय ते माहीत, आणि तुम्हाला बोलता येत नव्हतं.

तुम्ही गेलात आणि चार दिवसांवर पुनव.

आमच्या मंडळीनं विचारलं, "बाया इचारायल्यात, झोका बांधायचा का न्हाई?"

मी म्हणालो, "यंदा राहू दे."

"कामून?"

"घरातलं माणूस गेलंय."

"म्हंजे सुतक?"

रडून तिचे डोळे सुजले होते, तरी तिनं सोडलं नाही. "तसं म्हणा की मग. जाऊन सांगते बायांना, गुर्जींनी सुतक धरलंय."

वैनी, विहारात उभा राहून मीच सांगत आलो की सुतक-बितक काही नसतं. मेलेल्या माणसानं घर बाटत नाही, आणि बाटणं हा शब्दच आपल्या तोंडात नको. किती घरांना मी तिसऱ्या दिवशी कामाला लावलं असेल. आणि आता मलाच ते सुतक पाहिजे होतं. कुणीतरी येऊन म्हणावं, गुरुजी, तुमच्या घरी दुःख आहे, तुम्ही दार लावून बसा. पण असं म्हणणारं माणूस मी गल्लीत शिल्लकच ठेवलं नव्हतं. माझंच शिकवणं घेऊन आमची मंडळी माझ्यापुढं उभी राहिली. मी म्हणालो, बांधा.

काल मी भाषण केलं नाही. जमलंच नाही. ऊन कललं तसे सगळे टेकाडावर गेलो. चऱ्हाट बांधून झालं होतं, संगीतानं वाकळ घडी घालून ठेवली होती. तीच, तुमची, निळ्या ठिगळाची. लेकरं कडेला रांगेत उभी होती, न सांगता, कारण नियम त्यांना आता दुधासोबत मिळतो. संगीता माझ्याकडं बघून म्हणाली, "काका, पयला नंबर तुमचा."

मी सवयीनं हात झटकला. आणि थांबलो. सगळेच थांबले. मी झोक्याच्या डाव्या बाजूला बघितलं, जिथं तुम्ही कमरेवर हात ठेवून उभ्या असायचात. आता कुणीतरी म्हणेल, बरं, मग भावजींचा नंबर बी माझाच. कुणी म्हणालं नाही. वारा नव्हता, दोर नुसता लोंबत होता. संगीतानं म्हणावं असं वाटलं, पण तिनं ते म्हटलं असतं तर मला सोसलं नसतं, आणि तिला ते ठाऊक असावं. माझी पाळी घ्यायला आता कुणी उरलेलं नाही, हे मला तिथं कळलं. मातीत ठेवताना कळलं नव्हतं.

बसलो. धोतर आवरून, पोरांसमोर, गुरुजी झोक्यावर बसला. संगीतानं मागून रेटलं. माझे पाय भुईला घासत राहिले, धुरळा उडाला, चपला निसटल्या. उचलायचे म्हणत होतो, पण उचलत नव्हते. कुणी हसलं नाही. संगीता पाठीमागून हळू म्हणाली, "काका, भुई कुटं पळून जात न्हाई."

मी पाय उचलले.

भीती वाटली, लपवत नाही. दोर एवढा आवळला की हात सोलले. मागं गेलो, पुढं आलो, प्रत्येक रेट्याला जरा जास्त वर. खाली उभं राहिलं की त्या बाजूला बाभळी आड येतात. वर गेल्यावर बाभळी खाली राहिल्या, माळवदं खाली राहिली, आणि त्यांच्या पलीकडं पाटलाच्या वाड्यापुढचा लिंब दिसला. अख्खा. टेकाडामुळं असेल, पण त्याचा शेंडा माझ्या पावलांच्या खाली होता.

हे होतं का, वैनी? वड नको, चिंचच, ते याच्यासाठी? दर पुनवेला तुम्ही त्या लिंबाच्या वर जाऊन येत होता आणि मी खाली उभा राहून तुम्हाला विचारत होतो, विसरलात का म्हणून? की तसं काही नव्हतं, फांदीच चांगली होती, आणि लिंब आपला तिथं होता म्हणून दिसत होता? की आधी त्यासाठी बसलात आणि मग एका वर्षी बघायचंच विसरलात, मजेत? मी बसलो की सांगणार होतात. मी बसलो. आता सांगा ना.

तुम्ही काय म्हणाला असतात तेही मला ऐकू येतंय. "भावजी, झोक्यावर बसून बी इचारच करायलाव?"

नव्हतो करत. एवढं तुम्हाला सांगायचंय, बाकी सगळं त्यासाठी लिहिलं. लिंब दुसऱ्यांदा दिसला, तिसऱ्यांदा दिसला, मग मी तो बघायचं सोडलं. वरून खाली येताना पोटात खड्डा पडत होता, आणि त्या खड्ड्यातून हसू वर येत होतं. मी ते दाबायचा खूप प्रयत्न केला. तुम्ही मातीत, आणि मी लेकरांसमोर दात काढून हसतोय, डोळ्यांतून पाणी गळतंय, ते पुसायला हात मोकळा नाही. दोर सोडता येत नव्हता. काहीच करता येत नव्हतं.

संगीतानं विचारलं, "बास का, काका?"

ती माझी पाळी झाली होती. तुमची राहिली होती. मी म्हणालो, अजून येक दे ग.